आवाज नसलेली मालिका

"कुत्र्याला टोपी घालणारा पोस्टमन ना? दर रविवारी सकाळी लागायची. सव्वीस भाग झाले." काकांनी फळीवरची एक कॅसेट बोटानं बाहेर ओढली. "ही घ्या. पुढची सांगा."

धाकटी हसली. त्या मालिकेचं नाव किती वर्षं तिच्या जिभेवर घोळत होतं. काकांच्या मात्र हा डाव्या हातचा मळ. अर्ध्या तासात त्यांनी तिच्या तीन मालिका ओळखल्या होत्या.

दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कॅसेटी, मध्ये दोन स्टुलं, टोकाला एक जुना टीव्ही. दारावर पाटी होती, 'जुनी मालिका अर्धवट आठवते? सांगा, शोधून देतो.' त्याबद्दल काका काही घेतही नसत. एकटा जीव, पंचाहत्तरीचा, हौस म्हणून करतो, असं गल्लीतले लोक सांगायचे.

धाकटी बावन्न वर्षांची होती, तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. मागच्या महिन्यात तिची थोरली बहीण गेली. तिची खोली आवरायला म्हणून धाकटी लहानपणीच्या वस्तीत आली होती आणि येता-जाता ही पाटी तिला रोज दिसत होती. चार दिवस तिनं मन घट्ट केलं. आज आत शिरली.

"आता एकच राहिली," ती म्हणाली. "पण ती आठवली की अजून भीती वाटते."

"भुताची होती?"

"छे. साधीच. नवरा-बायकोची."

"मग सांगा की. नवरा-बायकोच्या मालिकेला कोण घाबरतं? लग्न झालेलेच."

तिला हसू आलं नाही. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आमच्याकडे टीव्ही नव्हता, काका. समोरच्या इमारतीत दिसायचा. आम्ही दोघी दिवा मालवून खिडकीत बसायचो. आवाज पोचायचा नाही, मग बोलणं आम्हीच जोडायचो. थोरली नवऱ्याचं बोलायची, मी बायकोचं. बायको सारखी विणत असायची. नवरा यायचा, जेवायचा, भांडायचा. बास, एवढंच. पण आम्हाला त्याचं वेड होतं."

"आणि मग?"

"एकदा भांडता भांडता त्यानं तिला ढकललं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. ती उठलीच नाही. तो कितीतरी वेळ नुसता बसून होता. मग त्यानं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली."

तिच्या स्वतःच्या घरात एकही ट्रंक नव्हती. कुठं ट्रंकेची कडी वाजली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

"मी रडायला लागले, तर थोरलीनं माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, 'अगं वेडे, टीव्हीतलं आहे ते. खोटं असतं सगळं.' तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीच्या काचेला कागद चिकटवला. मी विचारलं तर म्हणाली, 'संपली ती मालिका.' नंतर कितीदा विचारलं मी तिला. दरवेळी विषय बदलायची. आता दवाखान्यात होती तेव्हाही विचारलं, तर तोंड भिंतीकडे वळवलं. पुढं काय झालं त्या बाईचं, एवढंच मला कळू दे, काका. मग झोप तरी लागेल."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"समोरची इमारत म्हणजे कुठली?"

"पाण्याच्या टाकीजवळची. आता पाडली ती."

"बहीण कुणाकडे बोलली होती कधी?"

"कुणाकडे बोलणार? मालिकेचं काय सांगायचं?"

"तेही खरंच." काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि दाराशी गेले. "पडद्यावर ऊन येतं," असं म्हणून त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. परत येऊन टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. तो खरखराट त्या बोळात भरून राहिला.

"साल कुठलं असेल?" काकांनी विचारलं.

"मी सात वर्षांची होते. म्हणजे पंचेचाळीस वर्षं झाली."

"आणखी काही खूण? एखादी वस्तू, कपडा?"

"कपडे माझ्या बरोब्बर लक्षात राहतात. जन्म शिवणयंत्रावर गेलाय माझा. बायकोच्या अंगात स्वेटर असायचा, पिवळाधमक. त्या दिवशीही तोच होता."

काकांनी टीव्ही बंद केला.

"पंचेचाळीस वर्षांपूर्वी रंगीत टीव्ही कुणाच्याच घरी नव्हता, बाई," ते म्हणाले. "तो यायला आणखी पाच-सहा वर्षं लागली. तेव्हा सगळं काळं-पांढरंच दिसायचं."

धाकटीनं मनात हिशेब केला. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. अकरा वर्षांच्या मुलीला खिडकी आणि टीव्ही यांतला फरक कळतो. तोंडावरचा तो गार हात धाकटीला पुन्हा जाणवला.

"म्हणजे तो टीव्ही नव्हताच," ती पुटपुटली. "ती खरी खोली होती. काका, मला पोलिसांकडे जायला हवं." ती उठली. स्टूल मागं कलंडलं.

काका तिच्या आधी दाराशी पोचले होते. त्यांनी वाकून शटर पार जमिनीला टेकवलं आणि आतून कडी घातली.

"आणि पिवळा नव्हता तो," ते शांतपणे म्हणाले. "केशरी होता. आमच्या बल्बच्या उजेडात तुम्हाला लांबून पिवळा दिसला असेल."