नावाआधीचा शब्द

कारखान्याच्या ऑफिसात क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला. “काकू, इथे काकांच्या नावाआधी ‘लेट’ लिहा.”

फिटरच्या बायकोचा हात थबकला. “लेट? एकवीस वर्षांत एक दिवस लेट गेले नाहीत ते. हजेरीपट उघडून बघा.”

“तसं नाही, काकू.” क्लार्कने मान खाली घातली. “गेलेल्या माणसाला इंग्रजीत तसंच म्हणतात.”

त्या दिवशी आठच्या ठोक्याला बॉयलर फुटला, तेव्हा वेळेवर पोचलेला तिचा नवरा एकटाच आत होता. उशिरा आलेले चौघे वाचले. त्या सकाळी त्याचं अंग तापाने फणफणलं होतं. “आज राहू दे गं,” म्हणून त्याने कूसही बदलली होती.

तिनेच पांघरूण ओढलं होतं. “उठा, लेट होईल.”