टपावरची फट

पाऊस आला की आमच्या मोटारहोमच्या टपावरचा एसी कडेने गळायचा, तोही नेमका माझ्या उशीवर. "अहो, ते गळणं तेवढं थांबवा एकदाचं," बायकोने धोशा लावला. शेवटी चिडून मी टपावर चढलो आणि दिसेल ती फट, दिसेल ते भोक सीलंटने बुजवून टाकलं. "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही," मी ऐटीत सांगितलं.

दुपारी धो धो पाऊस आला. खिडक्या लावून, गॅसचा हीटर पेटवून आम्ही दोघं आणि लेक आडवे झालो.

टप्प. कपाळावर गार थेंब. शिवी हासडत उठायला गेलो, तर पाय लटपटले, डोकं घण घातल्यासारखं ठणकत होतं. बायकोला हलवलं, लेकीला हलवलं. दोघी उठेनात. कसंबसं दार लोटलं आणि एकेकीला ओढत पावसात आणलं. किती वेळाने कोण जाणे, लेक खोकली. मग बायको.

चार दिवसांनी दवाखान्यातून परतलो. मेकॅनिक टपावरून म्हणाला, "साहेब, हीटरचा धूर जायचं भोकच बुजवलं होतंत की तुम्ही. ते मोकळं केलंय. एसीखाली मात्र एक फट राहिलीये, ती बुजवू का?"



मी तोंड उघडायच्या आत बायको खालून ओरडली, "तिला हात लावू नका."