बेडकांच्या पेटीतला धबधबा

कूलरच्या मोटरीच्या तोंडाला तानबानं चहाची गाळणी बांधली आणि तार दोनदा आवळली. एखाद्या बेडकाचा पाय आत ओढला गेलेला त्याला चालला नसता.

"भर थंडीत कूलर खोलून राह्यले, तानबाभाऊ?" बाबाराव दारातून म्हणाला. हा मोटरी दुरुस्त करणारा. हिंगणघाटात कोणाकडे काय बिघडलं ते घरच्यांच्या आधी याला कळायचं.

"धबधबा करून राह्यलो. बेंडकांसाठी."

"बेंडकांले धबधबा. अन् आमाले नळ एक दिवसाआड."

"तू बी येऊन बस. जागा हाय आत."

जागा खरंच होती. पेटी आठ फुटांची, कापडाच्या दुकानातलं जुनं काचेचं शोकेस. जिथं एकेकाळी लग्नाचे शालू नेसून पुतळे उभे राहायचे, तिथं आता वेणा नदीच्या गाळावर सव्वीस बेडूक नांदत होते. तानबा कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट होता. तीस वर्षं त्यानं नदीवरून बेडूक धरून आणले आणि पोरांनी ते चिरले. निवृत्त झाला त्या दिवशी उरलेले बेडूक पिशवीत घालून तो घरी आला. कोणी काही विचारलं नाही.

पावसाळ्यात ते असे ओरडायचे, की हैदराबाद रोडवरचे ट्रकवाले मागून गाडी हॉर्न देतेय समजून बाजू द्यायचे. पटत नसेल तर बाबारावला विचारा. त्यानं एक ट्रक शेतात उतरलेला पाहिला होता.

बायको गेल्यापासून तानबाच्या घरात आवाज करणारं एवढंच होतं. एवढंच, आणि आनंदाबाई.

आनंदाबाई चार वर्षांपूर्वी अल्लीपूरहून समोरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, तीही एकटी. तिसऱ्याच दिवशी दुपारी चार वाजता तिनं फाटकाची कडी वाजवली. "तुमच्या बेंडकांनी डोकं उठवलं माहं." तेव्हापासून रोज चार वाजता. एकट्या बाईनं एकट्या माणसाकडे चहाला गेलेलं गल्लीला चाललं नसतं. भांडायला गेलेलं चालत होतं. भांडण लांबलं की चहा व्हायचाच.

भांडताना ती समोर खुर्ची ओढून बसायची आणि त्याच्या तोंडाकडे एकटक पाहायची. त्यापायी तानबा रोज दाढी करायला लागला. पेटीत वाकून तो काही बोलला, की ती चिडायची. "इकडं पाहून बोला. मी काय बेंडूक हाय?" स्वयंपाकघरातून साखर किती घालू विचारलं, तर उत्तर नाही. राग अजून उतरला नाही असं समजून तो दोन चमचे घालायचा.

यंदा दिवाळीनंतर कडाक्याची थंडी पडली आणि पहिल्यांदाच सगळे बेडूक गाळात शिरले. आनंदाबाई आली. रिकाम्या दिसणाऱ्या पेटीसमोर थोडा वेळ उभी राहिली.

"गेले वाटते," ती म्हणाली.

"आता पाणी पडल्यावरच येतील वर."

"बरं झालं. सुटली मी."

ती चहा न घेता गेली. त्यानंतर अडीच महिने फाटकाची कडी वाजली नाही. चार वाजले, की तानबा दोन कप काढायचा आणि एक परत फळीवर ठेवायचा.

म्हणून हा धबधबा. पाऊस पडतो आहे असं बेडकांना वाटायला हवं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं.

त्यानं नदीचे दगड रचले, दोन दिवस बादलीत मुरवलेलं पाणी ओतलं, उबेसाठी वर शंभराचे दोन बल्ब लावले; त्यांचा उजेड पार समोरच्या खोलीपर्यंत जायचा. मोटर सुरू झाली. फरशीच्या तुकड्यावरून पाणी घसरलं. दुसऱ्या दिवशी गाळ हलला. एकेक करत सगळे वर आले आणि धबधब्याखाली जाऊन बसले, पाहुण्याच्या घरी न्हाणीत बसल्यासारखे, गप्प.

तीन दिवस तसेच. तानबानं त्यांना समजावलं, शिव्या घातल्या, शेवटी स्वतः डराव करून दाखवलं. रात्री कान टवकारून पडून राहिला. काही नाही.

चौथ्या दिवशी चार वाजता कडी वाजली.

"काय लावलं हे, तानबाजी? थंडीत बी सुख नाई?" आनंदाबाईनं खुर्ची ओढली. "तीन रोजापासून डोळ्याले डोळा नाई माह्या. रातभर डराव डराव."

तानबा तिच्याकडे वळला. "ओरडून राह्यले?"

"मंग मी खोटं बोलून राह्यली काय?"

"नाई नाई. बंदोबस्त करतो मी."

"करजा. उद्या येऊन पाहीन."

भांडण साडेपाचपर्यंत चाललं, चहा दोनदा झाला. ती गेल्यावर मात्र तानबा पेटीजवळ बसून राहिला. सव्वीस बेडूक रात्रभर कोकलतात, रस्त्यापलीकडच्या बाईची झोप मोडते आणि चार हातांवर झोपलेल्या आपल्याला पत्ता नाही. म्हणजे आपले कान जायला लागले. आज बेडकांचा आवाज गेला, उद्या हिचा जाईल. मग ती समोर बसून भांडेल आणि आपल्याला नुसते ओठ हललेले दिसतील.

सकाळी उठून तो बसस्टँडजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिली, मशीन लावलं, बारीक मोठे आवाज ऐकवले. प्रत्येक आवाजाला तानबानं बोट वर केलं.

"विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे," ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, नीट पाहा. समोरच्या बाईले माह्या घरचे बेंडकं ऐकू येतात, अन् मले नाई येत."

"कोण बाई?"

"आनंदाबाई. अल्लीपूरची."

डॉक्टरांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला, एक छोटी डबी काढली आणि रुमालानं तिच्यावरची धूळ पुसली.

"एवढी त्यांना नेऊन द्याल? पाच वर्षं झाली, माप देऊन गेल्या आणि न्यायला आल्याच नाहीत. हे यंत्र लावल्याशिवाय कानाशी बँड वाजवला तरी त्यांना ऐकू यायचा नाही."