बुलेट आणि होडीची शर्यत

“सर, तुमची बुलेट आणि आमच्या बंदरावरची होडी यांची शर्यत लावली, तर कोण जिंकेल?”

शमिकाने विचारलंच! ‘तुझी हिंमतच होणार नाही,’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आता त्याच मागच्या बाकावर तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या.

मयेकर सरांनी मात्र खडू पुढे केला. “कुठपर्यंत शर्यत? ये, मांड गणित.”

“खाडीच्या पलीकडे!” म्हणत ती ऐटीत फळ्यापाशी गेली. बुलेटला पुलावरून वळसा, चाळीस किलोमीटर. ताशी चाळीसने गेली तरी एक तास. होडी सरळ जाणार, दोनच किलोमीटर. ताशी सहाने रखडत गेली तरी वीस मिनिटं.

“हरली बुवा माझी बुलेट!” सर म्हणाले. वर्ग खिदळला. शमिका मात्र फळ्याकडे बघतच राहिली. सायन्सचं कॉलेज पलीकडच्याच काठावर होतं. एसटीने एवढ्या लांब पोरीला रोज कोण धाडणार, म्हणून घरी ठरलं होतं, दहावीनंतर गावातच आर्ट्स.

संध्याकाळी ती दप्तरासकट अंगणात उभी राहिली. बाबा जाळं विणत होते. आई माशांची पाटी धूत होती. रोज सकाळी तीच पाटी घेऊन आई होडीने पलीकडच्या बाजारात जायची, पण कॉलेज म्हटलं की घरात सगळ्यांना एसटीच आठवायची.

“आई, जूनपासून होडीत तुझ्या शेजारची जागा माझी. बाबा, मी सायन्सच घेणार!”