दोन्ही पावलांची नाडी

“सिस्टर, तुमच्या नोंदी शंभर टक्के पूर्ण!” कॉम्प्युटरमुळे वॉर्डात काय फरक पडला ते पाहायला आलेले साहेब खूश झाले. “आता पाळी बदलताना खाटेखाटेपाशी उभं राहून रुग्णाची माहिती सांगणं बंद, असं अहवालात लिहितो.” सिस्टर हटल्या नाहीत. “आधी सहा नंबरच्या आजोबांची आजची नोंद वाचा.” “दोन्ही पावलांत नाडी उत्तम.” “आता चला.” आजोबांनी हसत चादर सारली. डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. “देवानं एकच ठेवलाय, साहेब. दुसऱ्याची नाडी सापडली तर मलाही कळवा!” “हे कुणी लिहिलं?” साहेब चपापले. “टायपिंगमध्ये नर्स पोरी मेटाकुटीला येतात, मग जुनीच नोंद चिकटवतात. ही पाय कापण्याआधीची. सकाळी खाटेपाशी बोलतानाच चूक सापडली; तुम्हाला दाखवायला तशीच ठेवली.” “मग काय लिहू?” “दोनला पाळी बदलते. आमच्याबरोबर फिरा, मग लिहा.” साहेबांनी आजोबांशेजारी स्टूल ओढलं.