मधल्या खोलीचं दार

"हे नाही," पुष्पाबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

जळगाव जामोदमधल्या त्या छोट्या संग्रहालयात चार जुनी दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी एका शाळेतल्या संग्रहालयातली नाणी-तलवारी पाहून झाल्या, दुपारी लिंबाखाली पोळी-ठेचा झाला, आणि आता हे दुसरं. वामनराव नावाच्या निवृत्त मास्तरांनी घरातच मांडलेलं.

देऊळघाटाहून भगवानराव दरवर्षी बायकोला असं कुठं ना कुठं फिरवून आणत. म्हातारपणी हौस पाहा, असं गावात कौतुक व्हायचं. डोंबलाची हौस! बाई एक दार शोधत होत्या.

दर पोळ्याला बैल पुजले की लेकाला, गोकुळला, मधल्या खोलीच्या दाराशी उभं करायचं आणि डोक्याच्या उंचीवर विळ्यानं खाच पाडायची. अशा बारा खाचा झाल्या. तेराव्या पोळ्याला आठ दिवस राहिले असताना गोकुळ तापानं गेला. एकुलता एक. बाई दवाखान्यातच कोसळल्या. आठवड्यानं घरी आल्या, तर मधल्या खोलीला दारच नाही.

"जुन्या लाकडाचा व्यापारी आला व्हता," भगवानराव तेव्हा म्हणाले होते. "देऊन टाकलं."

बाई वर्षभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, असली दारं संग्रहालयांत जातात. तेव्हापासून ही एसटीची वणवण सुरू झाली.

चौथ्या दारावर खाचा होत्या. पुष्पाबाईंनी हात पुढे केला.

"हात लावा ताई, खुशाल लावा," वामनराव म्हणाले.

बाईंनी खालून बोट फिरवत नेलं. एक, दोन, तीन... सातला बोट थांबलं. वर काहीच नव्हतं. त्यांनी दाराची दुसरी बाजूही चाचपून पाहिली.

"हेबी नाही." त्यांना रडू आवरेना.

भगवानराव पलीकडे धान्य मोजायची जुनी पायली न्याहाळत उभे होते.

"तुमी तं एकबी दार पाहून नाही राह्यले," बाई तडकल्या.

"तू पाह्यतं नं."

"इकताना मात्र बरोबर दिसलं! पोटच्या लेकराच्या खुणा इकल्या तुमी."

भगवानरावांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. तोंड धुवायला त्या मागच्या मोरीवर गेल्या.

वामनरावांना राहवेना. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"व्यापाऱ्याचं नाव सांगा, भाऊ. इकडचे सारे लाकूडवाले माह्या ओळखीचे हायेत. आत्ता फोन लावतो. तुमचं दार कुठंबी असो, काढतोच शोधून."

"नका लावू, मास्तर."

"काऊन?"

भगवानरावांनी मोरीकडे पाहिलं. पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी पायली खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले,

"पोरगा गेला तवा नऊ दिवसांची झडी चालू व्हती. सरणाले साऱ्या गावात सुकं लाकूड भेटेना. आमच्यात बाया मसनात येत नाहीत, मास्तर. घरात तेवढं एक दारच कोरडं व्हतं."