कोपऱ्यावरचं बाक

"तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच लिहा," म्हणत समोरच्या कुंदाताई खुर्चीत टेकल्या. त्यांना धाप लागली होती. "कमिटीनं कोपऱ्यावरचं बाक काढून नेलं. दवाखान्यातून येताना जिना चढण्याआधी मी तिथंच दम खायचे. चार बायकाही भेटायच्या. कुणाच्या डोळ्यांवर आलं, कोण जाणे!"

ते माझ्याच डोळ्यांवर आलं होतं. बाक माझ्या खिडकीखाली होतं आणि त्यांच्या गप्पांनी माझी दुपारची झोप मोडायची. गेल्या महिन्यात मीच कॉलनीच्या कमिटीकडे गुपचूप तक्रार केली होती.

मी बाक परत बसवण्याचा अर्ज लिहून दिला. कुंदाताईंनी चष्मा लावून सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्हीही करा. कॉलनीत तुमच्या शब्दाला मान आहे."

पेन हातात घेववेना.

"कुंदाताई, तक्रार मीच केली होती."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, आता चिडतील.

"फार मोठ्यानं बोलायचो का हो आम्ही?" त्यांनी हळूच विचारलं. "खिडकीतून एकदा सांगायचं होतंत. गप्प बसलो असतो."

मी मान खाली घालून सही केली.